एक्याण्णव मडक्यांचा घुमट

लोक मला विचारतात, "मॅडम, असलं काहीतरी या माळावर बांधायचं धाडस तुम्हाला झालं कसं?" मी हसून वेळ मारून नेते. खरं सांगायचं तर धाडस वगैरे काही नव्हतं, राग होता. तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते, पुण्यातली नोकरी सोडून गावी आले होते, आणि वेशीवर उभ्या राहणाऱ्या एका कमानीचा मला भयंकर राग आला होता. आज सत्तरी ओलांडली तरी तो राग आठवला की मला माझीच गंमत वाटते, आणि लगेच वाईटही वाटतं.

आमचं गाव पळसखिंड, विट्याच्या पुढं. गलाईवाल्यांचं गाव. जुनं सोनं-चांदी भट्टीत गाळून शुद्ध करायचं हा इथला पिढीजात धंदा, आणि त्यासाठी घरटी एक तरी माणूस परमुलखात. कुणी त्रिचूरला, कुणी कटकला, कुणी थेट गुवाहाटीला. चैत्रात जत्रेला सगळे परत यायचे, आठ दिवस गाव भरून जायचं आणि मग पुन्हा बायका, म्हातारी माणसं आणि पोरं उरायची. त्या वर्षी जत्रेत गलाईवाल्यांनी ठरवलं की वेशीवर दगडी कमान बांधायची. कमान समितीचे अध्यक्ष होते माझे वडील, आप्पा. नामदेव साळुंखे, त्रिचूरवाले. नकाशा काढायचा अर्थातच मी. पोरगी आर्किटेक्ट झाली ती आणखी कशासाठी?

मी ग्रामसभेत उभी राहिले आणि भर सभेत म्हणाले, "कमान बांधून काय होणार? तिच्याखालून माणसं गाव सोडून जातात, तेवढंच. त्यापेक्षा असं काही बांधू की ज्यासाठी माणसं गावात येतील."

मग मी त्यांना सोन्याची गोष्ट सांगितली. ज्या सोन्यावर आपल्या गावाचं पोट चालतं ते पृथ्वीवर तयार झालेलं नाही. मेलेल्या ताऱ्यांचे प्रचंड जड गोळे एकमेकांवर आदळतात, त्या टकरीत सोनं तयार होतं, आणि पृथ्वी घडत होती तेव्हा ते तिच्यात आलं. म्हणजे तुम्ही मुशीत गाळता ते ताऱ्यांचे तुकडे आहेत. मग ताऱ्यांसाठी एक इमारत आपण नाही बांधायची तर कुणी बांधायची? तरुण पोरांनी टाळ्या वाजवल्या. हात वर झाले. कमान पडली आणि माझा घुमट उभा राहिला, निदान कागदावर.

आप्पा उठले, टोपी डोक्यावर नीट बसवली आणि म्हणाले, "करा काय करायचं ते. माझ्या घरातनं ह्या कामाला काडी बी मिळायची न्हाई."

आई मी लहान असतानाच गेली होती. आप्पांनी मला एकट्यानं वाढवलं, शिकवलं, आणि मी त्यांना चारचौघांत उताणं पाडलं. पण आमच्या घरात नमतं घ्यायला कुणी कुणाला शिकवलंच नव्हतं. मी शाळेमागच्या खोलीत राहायला गेले, आणि आमचं बोलणं तिथून जे बंद झालं ते झालंच.

*

त्या सुमारास एक नवी काच निघाली होती. तिच्याबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

दूर कुठंतरी तारा फुटतो. त्याचे कण लाखो वर्षं प्रवास करत येतात आणि आपल्या हवेच्या वरच्या थरावर आदळतात. त्या टकरीतून म्युऑन नावाचे कण निघतात आणि खाली बरसत राहतात. दिवसा, रात्री, घरात, दारात. आपण तळहात पसरला तर दर सेकंदाला एखाददुसरा त्यातून आरपार जातो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. काही विशिष्ट पदार्थांतून जाताना म्युऑन चमक सोडतो, पण ती इतकी अंधूक की डोळ्याला दिसत नाही. या नव्या काचेत ती चमक वाढायची आणि अर्धा सेकंद टिकायची. निळा ठिपका, मोहरीएवढा. जिथून म्युऑन गेला तिथं.

माझी कल्पना साधी होती. दुर्बीण नको, पडदा नको, व्याख्यान देणारा माणूस नको. एक गोल, अंधारी खोली, वर घुमट, आणि खाली या काचेची फरशी. माणसानं आत यायचं, बसायचं आणि भर दुपारी आपल्या पायाखाली तारे फुटल्याची खूण बघायची. आत जायचा रस्ता दोनदा वळवला होता, म्हणजे दार उघडं असलं तरी आत उजेड येणार नाही.

घुमटाचं काम इलाहीमामांकडे दिलं. इलाही मुजावर, साठीचे गवंडी, आप्पांचे शाळासोबती. विजापूरकडच्या एका उस्तादाच्या हाताखाली त्यांची उमर गेली होती. नकाशा पाहून ते म्हणाले, "बाय, एवढ्या रुंदीचा घुमट काँक्रिटात जड हुईल. आत मडकी घालूया. रिकामी, तोंड बंद केलेली. जाडी तेवढीच ऱ्हाती आन वजन कमी हुतं."

मला ते फारच आवडलं. मी शाळेच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: घरटी एक मडकं. नवं, कोरडं, रिकामं.

एक्याण्णव मडकी आली. बायकांनी तोंडं फडक्यानं बांधून, वर माती लिंपून आणली होती. मला वाटलं, किती हौसेनं करतात! इलाहीमामा मात्र एकेक मडकं दोन्ही हातांत उचलून तोलायचे, माझ्याकडे बघायचे आणि ठेवून द्यायचे. मग एक दिवस त्यांनी घुमटाच्या पायथ्याशी जे लोखंडी कडं असतं त्यात दीडपट सळई घातली. मी वाद घातला. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे की. म्हाताऱ्या मानसाचा हट्ट म्हून सोडून दे." मी सोडून दिलं. तेवढं एक शहाणपण माझ्या हातून झालं.

हॉल उघडला ते दिवस मला आजही लख्ख आठवतात. पहिल्याच दिवशी शेवंताकाकू फरशीवर मांडी घालून बसल्या, पदर पसरला आणि ओरडल्या, "आगं, पदरातनं खाली गेलं की!" पोरं पालथी पडून ठिपके मोजायची आणि भांडायची. भर उन्हाळ्यात आत गारवा असायचा, त्यामुळे शनिवारच्या बाजारातल्या बायका पाट्या बाहेर ठेवून घटकाभर टेकायला यायच्या. त्यांनी फरशीला लुकलुकी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं.

आणि मग, खोटं कशाला बोलू, दोनेक वर्षांत सगळ्यांना त्याची सवय झाली. जत्रेला आलेले पाहुणे एकदा डोकावून जायचे, एरवी दारात शेळ्या बसायच्या. आप्पा जत्रेला यायचे ते आत्याकडे उतरायचे. घुमटाकडे त्यांनी पाऊलही टाकलं नाही असं मला लोक सांगत. चौथ्या वर्षी ते त्रिचूरला भट्टीवरच गेले. मी पोचले तेव्हा फक्त अग्नी द्यायचा राहिला होता.

*

पंधराव्या वर्षी मी तळघरात काचेचा दुसरा थर बसवला. वरच्या थरातला ठिपका आणि खालच्या थरातला ठिपका जोडला की म्युऑन कोणत्या दिशेनं आला ते कळतं. कोणत्या बाजूनं किती येतात याचा एक नकाशा मला दारात लावायचा होता. म्हटलं, त्या निमित्तानं तरी चार लोक येतील. वर्षभर यंत्र मोजत राहिलं. वर्ष संपल्यावर मी सगळ्या दिशांची बेरीज करून चित्र काढलं.

चित्रात आकाश नव्हतंच. घुमट होता. तीन गोल ओळींत मांडलेले एक्याण्णव उजळ ठिपके.

म्युऑन सहसा अडत नाहीत, पण वाटेत जितका जास्त भरीव माल तितके थोडे जास्त अडतात. जिथं मडकं आहे तिथं काँक्रीट कमी, म्हणून तिथून जास्त आले. शंभराला दोन-अडीच जास्त, पण वर्षभराच्या बेरजेत तेवढंही ठसठशीत दिसतं. आम्ही लोकांना आकाश दाखवायला गेलो होतो आणि आकाशानं आम्हाला आमचं छत दाखवलं!

मी इलाहीमामांना हाताला धरून घेऊन आले. ते तेव्हा शहात्तर वर्षांचे, काठी टेकत चालायचे. चित्रासमोर उभे राहून त्यांनी बोटानं ओळी मोजल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "माजी मांडनी," ते म्हणाले. "दोरी धरून मांडली हुती. एक बी हाललं न्हाई बग."

पण चार दिवसांनी मी आकडे नीट पाहिले. सगळे ठिपके सारखे नव्हते. रिकामी मडकी जेवढी उजळ दिसायला हवीत तेवढी बहुतेक दिसतच नव्हती. म्हणजे आत काहीतरी होतं. एकतर ओतताना मडकी फुटून काँक्रीट आत गेलं, नाहीतर सोळा वर्षांत पाणी झिरपून साचलं. काँक्रीट असेल तर एक वेळ चालेल. पाणी असेल तर सळई गंजणार, आणि खाली पोरं बसतात.

तेव्हा मी जे केलं ते नियमाला धरून होतं आणि तरीही चुकलं. मामांना न विचारता मी बांधकाम खात्याला लेखी कळवून टाकलं.

तपासणीला रणदिवे नावाचे तरुण अभियंते आले. सभ्य माणूस. सगळं बघून म्हणाले, "मॅडम, आजपासून हॉल बंद ठेवा. एकेका मडक्यात वरून भोक पाडून बघावं लागेल."

"एक्याण्णव भोकं पाडल्यावर घुमट राहील का?"

"नाही राहणार," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "मग तो उतरवावाच लागेल. पण आत पाणी नाही असं तुम्ही आकड्यांनी दाखवलंत तर मी भोकं पाडणार नाही. पंधरा दिवस देतो."

त्याच संध्याकाळी इलाहीमामा माझ्या दारात आले. "लिवायच्या आदी मला इचारायचं हुतंस, शालन."

मी थकले होते, घाबरले होते, आणि माझी जीभ लहानपणापासून अशीच आहे. मी म्हणाले, "विचारून काय झालं असतं? मडकी तुम्हीच बसवलीत ना? फुटली असतील ती तुमच्याच हातून."

त्यांनी काठी उचलली आणि गेले. पन्नास वर्षांच्या कामात एक भेग नसलेला माणूस, आणि मी त्याला असं बोलले. पुढे दहा दिवस ते घराबाहेर दिसले नाहीत.

*

कुलूप लावलेल्या हॉलच्या पायरीवर मी आकडेमोड करत बसले होते तेव्हा शेवंताकाकू आल्या. चौऱ्याहत्तरी झाली होती, पण आवाज तसाच खणखणीत.

"आगं, मडक्यात पानी शिरलं म्हून बोंब उठलीया, खरं हाय व्हय?"

"खरं आहे, काकू."

"माझ्या मडक्यात कसलं पानी शिरतंय? त्येच्यात शाळू हाय."

मी पेन खाली ठेवलं. "काय आहे?"

"शाळू. जवारी. गळ्यापातुर भरलं हुतं."

"काकू, मी रिकामं मागितलं होतं! फळ्यावर लिहिलं होतं!"

"लिवलं हुतंस की. वाचलं बी आमी." काकू शेजारी बसल्या आणि लहान पोराला समजवावं तशा बोलायला लागल्या. "पर रिकामं मडकं घरातनं कवा भाईर निगतं, ठावं हाय न्हवं तुला? मानूस गेल्यावर. मडकी रिकामी करत्यात आन भाईर टाकत्यात. आमच्या घरचा बापय दोन हजार कोसांवर भट्टीफुडं बसलेला, आन म्या रिकामं मडकं घेऊन गावातनं चालत यीन? तू शिकलीस, पुण्याला ऱ्हायलीस, तुला न्हाई सुचलं. आमी कुनी काय बोललो न्हाई. तुला वाईट वाटंल म्हून."

मी मग इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. सोळा वर्षं मी या गावाला विज्ञान शिकवत होते, आणि गावानं माझं मन राखण्यासाठी मला कळूच दिलं नव्हतं की माझा घुमट धान्यानं भरलाय.

"सगळ्यांनीच असं केलं?"

"आता दुसऱ्याचं म्या काय सांगू? इचार की बोलवून."

मी बोलावलं. देवळासमोरच्या पटांगणात गाव जमलं. काही बायका देवाघरी गेल्या होत्या, त्यांच्या सुनांनी सांगितलं. बाजरी. कुळीथ. खडेमीठ. चिंचोके. नव्या घेतलेल्या रानातली पहिली माती. एकीनं नवऱ्याच्या पहिल्या भट्टीची राख घातली होती. सरपंच कांचनवहिनींच्या सासूबाईंनी गहू घातले होते आणि "खपली व्हता, साधा न्हाई" असं तीनदा बजावलं. यशोदा हजारेंनी सांगायला साफ नकार दिला. "तुमची ती लुकलुकी सांगती न्हवं, मग तिलाच इचारा," त्या म्हणाल्या आणि पटांगणभर हशा पिकला.

मला त्या हशातच वाट दिसली. शाळूची घनता ठरलेली असते, मिठाची वेगळी, मातीची आणखी वेगळी. कोणतं मडकं कुठल्या ओळीत कुणाचं हे बायकांना पक्कं ठाऊक होतं, कारण मांडणी चालू असताना प्रत्येकीनं आपलं मडकं कुठं बसतंय ते मान वर करून पाहिलं होतं. मी यादी केली. बायका म्हणतात ते धान्य आणि म्युऑन म्हणतात ती घनता जुळली, तर आत पाणी नाही हे सिद्ध झालं. पुढचे पाच दिवस माझ्या खोलीत गावातल्या बायकांचा राबता होता. ज्यांनी कधी हातात पट्टी धरली नव्हती त्या घरून धान्य आणून मापात भरत होत्या, वजन करत होत्या, आणि "माजं किती आलं?" म्हणून एकमेकींच्या कागदात डोकावत होत्या. शेवंताकाकू म्युऑनला मिवान म्हणायच्या. "मिवान मिठात जास्त अडतंय, जवारीत कमी," हे त्या मला समजावून सांगत. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुंदर पाच दिवस. आणि सगळ्यात भीतीचे.

नव्वद मडक्यांचे मालक मिळाले. एकाचा मिळाला नाही. मधल्या ओळीतलं एक, ते माझं म्हणून कुणी सांगितलं नाही. गाव सोडून गेलेल्या कुणाचं तरी असेल असं म्हणून मी त्याच्यापुढे रेघ ओढली.

सहाव्या दिवशी रणदिवेसाहेबांनी माझे कागद पाहिले आणि मान हलवली. "मॅडम, तुमचा क्रम बरोबर आहे. मीठ जड, धान्य हलकं, सगळं जागच्या जागी. पण तराजूच्या पारड्याचं स्वतःचं वजन तुम्हाला माहीत नाही. रिकामं मडकं या चित्रात नेमकं किती उजळ दिसतं? ते कळल्याशिवाय हे सगळे आकडे थोडे वर किंवा थोडे खाली सरकू शकतात. तेवढं सरकलं की तुमचं धान्य म्हणजे माझं पाणी."

त्यांचं खरं होतं. मला शून्य हवं होतं. एक तरी मडकं असं हवं होतं की जे नक्की रिकामं आहे.

मी पुन्हा गाव जमवलं आणि विचारलं, "कुणी रिकामं मडकं दिलं होतं का? एकीनं तरी?" बायकांच्या चेहऱ्यावर असा राग दिसला की जणू मी त्यांच्या कुंकवावर उठले होते. एकही हात वर आला नाही. रणदिवे हळू आवाजात म्हणाले, "सोमवारी मला भोकं पाडायचं यंत्र आणावं लागेल."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इलाहीमामांकडे गेले. घुमट जाणारच होता. जाण्याआधी माफी मागायची राहिली होती, आणि तसली राहिलेली माफी काय असते ते मला एकदा चांगलंच कळलेलं होतं.

ते ओट्यावर उन्हाला बसले होते. मी खाली पायरीवर बसले. "मामा, मी चुकले. मडकी फुटली नव्हती. तुम्हाला माहीत होतं ना सगळं?"

"उचलल्याबरुबर कळलं. शाळूचं मडकं हाताला कळत न्हाई व्हय?"

"म्हणून कड्यात जास्त सळई घातलीत."

"मग काय करतु? बायकांस्नी परत पाठवलं असतं तर त्या बी रुसल्या असत्या, तू बी. सगळ्यांनी मला शपत घालून ठिवली हुती, शालनला सांगू नगंस." मग म्हणाले, "आता कशापायी आडलंय?"

मी सांगितलं. रिकामं एक तरी हवं होतं. गावात एकही नाही.

इलाहीमामांनी काठीच्या मुठीवर हात फिरवला. मग म्हणाले, "एक हाय."

"कुठं?" मी विचारलं.

"मधल्या वळीत, उगवतीच्या अंगानं सातवं. त्येच्यात म्या सोता हात घालून बघितलाय. तोंड बी म्याच लिंपलं."

"कुणाचं?"

"तुज्या बाचं."

मला नीट ऐकू आलं होतं, तरी मी पुन्हा विचारलं.

"जत्रंवरनं परत निगायच्या आदी दुपारच्याला आला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं आशा वक्ताला. टावेलात गुंडाळून आनलं हुतं. म्हनला, इलाही, ह्ये ठिव. म्या उचललं तर हालकं. म्हनलं, आरं नाम्या, रिकामं? येडा झालास का? मूठभर दानं तरी टाक. तर म्हनला, न्हाई. पोरीनं फळ्यावर काय लिवलंय? रिकामं. गावातली एक बाई रिकामं द्यायची न्हाई, मला ठावं हाय. तिच्या हिशोबात एक तरी तिनं मागितल्यावानी असू दे." मामा रस्त्याकडे बघत बोलत होते. "म्या म्हनलं, आरं, इपरीत आसतंय त्ये. तर म्हनला, माझ्या घरात हाय कोन? म्या एकलाच. व्हायचं ते माझं हुईल. तिला सांगू नगंस, म्हनला. काडी देनार न्हाई म्हनलोय चारचौगांत."

अपशकुनावर माझा विश्वास नाही. आप्पांचा होता. पूर्ण होता. भट्टी पेटवताना ते कधी काळं फडकं जवळ येऊ द्यायचे नाहीत, मांजर आडवं गेलं तर अर्ध्या वाटेतून परतायचे. त्या माणसानं भर उन्हात रिकामं मडकं काखेत धरून गाव ओलांडलं होतं, आणि मी चार वर्षं त्यांच्याशी एक अक्षर बोलले नव्हते. मी तिथं पायरीवर बसून लहान मुलीसारखी रडले. इलाहीमामांनी मला रडू दिलं.

मग आम्ही दोघं हॉलकडे गेलो. चित्रात मधल्या ओळीतलं सातवं मडकं शोधलं. मी ज्याच्यापुढे रेघ ओढली होती तेच ते. त्याच्या आकड्याकडे मी पुन्हा वळून पाहिलंच नव्हतं, मालक नाही म्हणून तो यादीतून गाळला होता. एक्याण्णवात सगळ्यात उजळ तोच होता, आणि दुसरा कुणी त्याच्या जवळपासही नव्हता.

त्याला शून्य धरून मी सगळी आकडेमोड पुन्हा केली. शाळू शाळूच निघाला. मीठ मीठ, माती माती. खपली गहूसुद्धा साध्यापेक्षा थोडा हलका निघाला आणि कांचनवहिनींच्या सासूबाईंनी ते गावभर सांगितलं. यशोदा हजारेंच्या मडक्यात धान्य नव्हतंच, कापडाइतकं हलकं काहीतरी होतं. तो आकडा मी त्यांना एकट्यांना दाखवला. त्यांनी मान हलवली आणि कागद मागून घेतला. पाणी एकाही मडक्यात नव्हतं.

शनिवारी रणदिवेसाहेबांनी इलाहीमामांचा जबाब स्वतः लिहून घेतला, आकडे दोनदा तपासले आणि हॉल उघडायचा दाखला पुढं केला. एका रकान्यावर त्यांनी बोट ठेवलं. "मॅडम, शून्य कशाला धरलंय ते इथं लिहा, आणि खाली पूर्ण नावानं सही करा."

मी लिहिलं: नामदेव साळुंखे, पळसखिंड, यांनी मागितल्याप्रमाणे दिलेले रिकामे मडके.

मग खाली सही. त्या ग्रामसभेपासून मी सगळीकडे नुसतं शालन साळुंखे लिहीत आले होते. मधलं नाव मी रागानं टाकून दिलं होतं, आणि राग गेल्यावर ते परत लिहायचा धीर झाला नव्हता. त्या दिवशी दाखल्यावर मी ते लिहिलं. अक्षर वाकडं आलं, पण रणदिवेंनी दुसरा कागद दिला नाही आणि मीही मागितला नाही.

शालन नामदेव साळुंखे.